प्रभावतीबाईंचा गंज टांझानियाला जातो

चित्रकलेचा तास शाळेच्या वेळापत्रकात असतो, शाळेत नसतो, हे मारोतराव पिदूरकर सरांनी एकतीस वर्षांच्या नोकरीतून काढलेलं सार होतं. घंटा झाली की गणिताचे मास्तर दारात येऊन उभे. "सर, घेऊ का जी तुमचा तास? पोर्शन मागं राह्यला." घेऊ का, हे नुसतं म्हणायला. खडू त्यांच्या हातात आधीच असे. मग सर आपली रंगपेटी उचलून स्टाफरूममध्ये जात आणि खिडकीबाहेरची बाभूळ काढत बसत. त्या एका बाभळीची त्यांच्याकडे दोनशेच्या वर चित्रं होती.

सप्टेंबरअखेर सर निवृत्त होणार होते. त्यांच्यामागं बोरधऱ्याच्या हायस्कूलला चित्रकलेचा मास्तर मिळणार नव्हता, कारण ते पद पुन्हा भरायचं नाही असं वरून कळलं होतं. माणूस जातो हे समजण्यासारखं आहे, पण खुर्चीही त्याच्याबरोबर रवाना करायची, ही कुठली रीत? सरांना याचा मनस्वी राग होता. जाण्याआधी आपल्या हातचं काहीतरी एक असं व्हावं, की चार लोक ते पाहतील आणि त्याच्याखाली "चित्रे : मारोतराव पिदूरकर" असं लिहिलेलं असेल, एवढी एकच इच्छा त्यांनी मनाशी धरली होती. बाभळीखाली सही करून उपयोग नव्हता. बाभूळ कोण बघतो?

ती संधी जुलैत निकिताच्या रूपानं चालून आली. निकिता ही सरांची जुनी विद्यार्थिनी, आता नागपूरला अ‍ॅनिमेशन शिकत होती आणि सुट्टीत गावी आली होती. तिनं मोबाईलवर सरांना एक गंमत दाखवली. टांझानियातल्या तरुण पोरापोरींनी मलेरियाच्या विरोधात हातानं चित्रं काढून, ती हलती करून, लहान लहान फिल्म बनवल्या होत्या. त्या फोनवरून गावोगाव फिरत होत्या, शाळाशाळांत दाखवल्या जात होत्या, आणि आजूबाजूच्या देशांतली पोरंही त्यात उतरली होती. जिथं जिथं मलेरिया आहे तिथल्या मुलांनीही अशी दोन मिनिटांची फिल्म पाठवावी, आम्ही ती आफ्रिकेतल्या शाळांत दाखवू, असं त्यांनी कळवलं होतं. मुदत ऑगस्टअखेर.

"आपल्या इथं काय कमी मच्छर हाय का सर?" निकिता म्हणाली.

कमी कुठले? गेल्या वर्षी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला बसलेल्या अकरा मुलींपैकी चार जणी ऐन पेपराच्या दिवशी गोधडीत हुडहुडत होत्या. त्यातल्या सुरभीचा तर वस्तुचित्राचा पेपरच हुकला. वस्तुचित्र म्हणजे समोर तांब्या, वांगं, घडी घातलेला टॉवेल मांडायचा आणि दिसेल तसा काढायचा. त्या वर्षी सरांनी मुद्दाम पितळी तांब्या घासून चकचकीत करून आणला होता. ते दुःख ताजं होतं.

"किती चित्रं लागतील?" सरांनी विचारलं.

"सेकंदाले सहा काढले तरी चालते. दोन मिनिटांचे सातशे वीस."

सरांनी मनातल्या मनात बाभळी मोजल्या आणि हो म्हणाले.

बोरधऱ्यात कुणी काही करू लागला की त्याला एकट्याला करू देत नाहीत, सल्ला देतात. बळीरामच्या पानठेल्यावर बातमी पोचायला अर्धा तास लागला. बळीराम पानाला चुना लावता लावता म्हणाला, "सर, त्यात वाघ टाका. टिपेश्वरच्या जंगलातला. वाघ असला का लोक शेवटपर्यंत पाह्यते." एकानं शंका काढली की आफ्रिकेतल्या मच्छराला मराठी समजेल का. दुसऱ्याचं म्हणणं, त्यांचे मच्छर त्यांनी मारावे, आपण कायले मधात पडायचं. निवृत्त तलाठी नेमसिंग यांनी सगळ्यांना गप्प केलं. "पहिले ठराव घ्या सर. ठरावाबिगर मच्छर मारता येत नाही." सरांनी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं आणि घरी येऊन हात आपटले. दोनशे बाभळी काढल्या तेव्हा एकानं तोंड उघडलं नव्हतं. एक डास काढायचा म्हटलं तर गाव कलासमीक्षक झालं.

कामाचा मात्र सरांनी एकच नियम घालून दिला. मनानं काढायचं नाही, पाहून काढायचं. आरोग्याच्या पोस्टरवर एक बादली असते. ती कुणाच्याच घरची नसते, म्हणून ती पाहून कुणालाच काही वाटत नाही. "गावात फिरा," सर त्या अकरा मुलींना म्हणाले. "जिथं पानी साचून हाय थे भांडं शोधा, समोर मांडी घालून बसा अन् दिसते तसं काढा. पोचा असंल तं पोचा काढा. डाग असंल तं डाग काढा. आपल्या हातानं कोनाचं भांडं सुधरवू नका."

मुलींनी अक्षर अन् अक्षर पाळलं, आणि इथंच घोडं पेंड खात होतं. कारण आपल्याकडं भांडं कधी मुकं नसतं. लग्नात दिलं, बारशात दिलं, मेलेल्याच्या नावानं वाटलं, प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव घातलेलं असतं. भांडेवाला मशीन घेऊन कर्रकर्र नाव कोरून देतो तेव्हा कुठं ते भांडं आपलं होतं. मुलींनी पोचे काढले, डाग काढले, आणि नावंही काढली, मात्रा-वेलांटीसकट. सरांनी ती चित्रं पाहिली आणि सुलेखनाबद्दल सुरभीची पाठ थोपटली. दुसरं काही त्यांच्या डोक्यात आलंच नाही. तीस-एकतीस वर्षं तांब्या आणि वांगं काढणाऱ्या माणसाला भांड्यात आकार दिसतो, मालक दिसत नाही.

डास मात्र सरांनी स्वतःकडे ठेवला. तोही पाहून काढायचा, म्हणून ते संध्याकाळी गोठ्यात बाही वर करून, हात पुढं धरून, मांडीवर वही घेऊन बसू लागले. त्यांच्या पत्नी प्रभावतीबाई शेणाचं टोपलं घेऊन आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"काय करून राह्यले?"

"मॉडेल बसाची वाट पाह्यतो."

बाई टोपलं घेऊन आल्या पावली परत गेल्या. चार दिवस चावून घेतल्यावर डास जमला. काळा अंगरखा, पायावर पांढरे पट्टे, ऐटीत बसलेला. सरांनी त्याची दोनशे दहा चित्रं केली.

आता फिल्म परदेशी जायची, मुलं शाळेची, म्हणजे परवानगी लागणार, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. मुख्याध्यापकांचा हा स्वभावच होता. स्वतःवर काही येऊ नये म्हणून ते पाऊस आला तरी वर कळवत. सर चित्रांचा गठ्ठा घेऊन तालुक्याला, मारेगावला गेले. आरोग्याच्या एका साहेबांनी पहिलंच चित्र पाहिलं आणि चष्मा काढला.

"सर, हा डेंग्यूचा डास आहे. पायावर पट्टे आहेत ना? मलेरियाचा असा बसत नाही. तो मागचा भाग वर उचलून बसतो. पंचेचाळीस अंशात."

"मी पाहून काढला जी. चावला तवा असाच बसला होता."

"मग तुम्हाला डेंग्यू होऊ शकतो," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "मलेरिया होणार नाही."

दोनशे दहा डास बाद झाले. सर परतीच्या एसटीत बसले. घरी येऊन त्यांनी कोनमापक घेतला आणि डास पुन्हा काढायला बसले, मागचा भाग वर, पंचेचाळीस अंशात. हे नवे दोनशे दहा घेऊन ते शिक्षणाच्या साहेबांकडे गेले. या साहेबांनी चित्रं लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली आणि दार लोटून घेतलं.

"सर, वर्गात मुली असतात. हा असा… मागचा भाग वर करून… शोभत नाही."

"मलेरियाचा असाच बसते जी."

"तसं लेखी आणा."

सरांनी आरोग्याकडून लेखी आणलं की डासाचा मागील भाग वर असणे आवश्यक आहे. शिक्षणानं त्यावर लेखी दिलं की सदर बाब बालमनाच्या दृष्टीने अनुचित आहे. आरोग्यानं पुन्हा लिहिलं की डासाच्या बसण्यात बदल करणे या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही. अशा सहा खेपा झाल्या. बाभळीखालची सही कुणी पाहिली नव्हती आणि डासाच्या बैठकीवर आता चार शिक्के होते. एकतीस वर्षं मान खाली घालून नोकरी केलेला माणूस, साठीला टेकल्यावर एका कीटकाच्या पार्श्वभागासाठी एसटीत उभा राहून हेलपाटे घालत होता. याचा जाब कुणाला विचारायचा, हेही त्यांना समजेना.

शेवटी निकितानं तोडगा काढला. "सर, समोरून काढा ना. मागचं मागंच राह्यते."

डास तिसऱ्यांदा काढला गेला, या वेळी तोंडाकडून. दोन्ही साहेबांनी सह्या केल्या. सही करताना मात्र प्रत्येकानं हळूच सुचवलं की शेवटी नावं येतात, त्यात आपलं यावं. एकाचं नाव "मार्गदर्शन" खाली गेलं, दुसऱ्याचं "प्रेरणा" खाली. प्रेरणा पाहून मुख्याध्यापकांना "विशेष प्रेरणा" हवी झाली. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, गावच्या सरपंच आणि सरपंचांचे पती हे ओघानंच आले. प्रत्येकाच्या मागं माननीय, पुढं पद. सगळ्यांत शेवटी, चार सेकंदांपुरतं, निकितानं लिहिलं : "चित्रे : मारोतराव पिदूरकर व विद्यार्थिनी". सरांनी ते चार सेकंद मोबाईलवर अकरा वेळा लावून पाहिले.

आणि मग पंधरा ऑगस्टची ग्रामसभा आली.

झेंडावंदन झाल्यावर पंचायतीच्या हॉलमध्ये टीव्ही लावला. पुढं बाया, मागं माणसं, खिडकीत पोरं. सर इस्त्रीचा सदरा घालून भिंतीला टेकून उभे होते. समोरून डास आला तेव्हा लोक हसले. सरांनी ते हसणं कौतुकात धरलं. मग डास उडत उडत एका पितळी गुंडावर बसला. गुंड म्हणजे पाण्याची पोटाळ घागर. गुंडाच्या गळ्याशी स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, "कै. शकुबाई यांचे स्मरणार्थ". गुंडात अळ्या वळवळत होत्या.

रामीबाई उठून उभ्या राहिल्या. "थो माह्या सासूचा गुंड होय."

डासाला त्याचं काय? तो पुढं गेला आणि एका कूलरवर बसला. विदर्भात उन्हाळा संपला की कूलर आवरायचा असतो, पण तो आवरला जात नाही, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाणी पोटात घेऊन अंगणात उभा असतो. या कूलरवर ऑइलपेंटनं लिहिलं होतं, "चि. पिंटू व चि. सौ. कां. नयना यांस सासरकडून सप्रेम भेट". पिंटूनं बायकोकडं पाहिलं, बायकोनं टीव्हीकडं. मग आलं पंचायतीचं सिमेंटचं टाकं. त्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत, "सरपंच सौ. विमलताई बबनराव यांच्या शुभहस्ते लोकार्पण". सुरभीनं लोकार्पण या शब्दाच्या बरोबर खाली पन्नास अळ्या काढल्या होत्या. मोजून काढल्या होत्या, कारण तेवढ्या होत्या.

सरपंच विमलताई खाली बघत राहिल्या. बोलायचं काम त्यांचे पती बबनराव करत.

"सर, तुमी गावाची इज्जत आफ्रिकेत पाठवून राह्यले," बबनराव म्हणाले. "लोकार्पणात अळ्या? इलेक्शन हाय पुढच्या साली."

"मेलेल्या मानसाले मच्छर लावले तुमी," रामीबाई म्हणाल्या. "माही सासू रोज गुंड घासे."

"आता कोन घासते?" मागून कुणीतरी विचारलं, आणि त्यावरून दहा मिनिटं वेगळंच भांडण झालं.

सरांचे कान तापले होते. आजवर त्यांच्या चित्राला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, पण खोटंही म्हटलं नव्हतं. "यात एक रेघ खोटी असंल तं दाखवा," ते म्हणाले. "आत्ता खोडतो. पोरी तुमच्या अंगनात बसून काढत होत्या, तुमीच त्याहीले चहा पाजला. भांडं खरं, पानी खरं, नाव खरं. मंग राग कायचा?"

उत्तर नसलं की माणूस प्रश्न विचारतो. बबनरावांनी विचारला. "सगळ्याइच्या घरचं आलं. तुमच्या घरचं काहून नाही आलं?"

सरांनी मुलींकडं पाहिलं. अकराही जणी सतरंजीकडं बघत होत्या. शेवटी सुरभी म्हणाली, "सर, तुमच्या घरी आमी गेलोच नाही. तुमचं कसं काढाव?"

"माह्या घरी चला," सर गरजले. "आत्ता चला. सगळे चला."

निघाली यात्रा. पुढं सर, ताठ मानेनं. त्यांना खात्री होती, कारण प्रभावतीबाई एवढ्या स्वच्छतेच्या की पाणी पिऊन ग्लास खाली ठेवायच्या आत तो घासायला जाई. मागं बबनराव, रामीबाई, पिंटू, पोरी, आणि आशा वर्कर शीलाताई. या बिचाऱ्या दर आठवड्याला दारोदार फिरून "पानी रिकामं करा" म्हणत आणि लोक "हो हो" म्हणत. आज गाव पहिल्यांदाच आपण होऊन त्यांच्याबरोबर अळ्या शोधायला निघालं होतं, म्हणून त्या खुशीत होत्या.

समोरचं अंगण लख्ख. न्हाणी लख्ख. टाकीला झाकण. सरांनी प्रत्येक ठिकाणी थांबून लोकांकडं पाहिलं. मग शीलाताई मागच्या दारी लिंबाच्या झाडाखाली, सरांनी रचलेल्या जुन्या फळ्यांमागं गेल्या आणि वाकल्या.

"सर, हे काय होय?"

तो गंज होता. गंज म्हणजे आमच्याकडं पातेल्याचा थोरला भाऊ, उभट आणि खोल. सरांनी कधीतरी ब्रश भिजवायला तो घराबाहेर नेला होता. ब्रश कधीच सडून गेले होते. गंजात पावसाचं पाणी होतं आणि पाण्यात संसार थाटलेला होता. शीलाताईंनी पांढऱ्या वाटीत पाणी काढून धरलं. "भरपूर हाय. मस्त पोसल्या," त्या म्हणाल्या. आणि गंजाच्या कडेला कोरलं होतं, "चि. सौ. कां. प्रभावती हिस मामांकडून सप्रेम भेट".

प्रभावतीबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी गंज पाहिला, मग नवऱ्याला पाहिलं, मग रामीबाईंना पाहिलं. दोन वर्षांपूर्वी रामीबाईंच्या नातवाच्या बारशाला बाईंकडून काही भांडी वापरायला गेली होती. त्यानंतर हा गंज सापडेना, म्हणून तो रामीबाईंनी ठेवून घेतला असं बाईंनी धरलं होतं. दोन वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं. हळदीकुंकवाला एक आली की दुसरी उठून जाई.

"पाहा बाई," रामीबाई गंजाला उद्देशून म्हणाल्या. "अन् चोर आमी."

सरांना त्या क्षणी ग्रेड परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटलं. बबनरावांनी मात्र निकाल दिला. एक तर सगळी नावं खोडा, नाही तर सरांच्या घरचंही नाव फिल्ममध्ये टाका. नावं खोडली की भांडी पुन्हा पोस्टरवरची होणार होती, कुणाच्याच घरची नसलेली. सर एकदा पत्नीकडं बघून, नजर लगेच दुसरीकडं वळवून म्हणाले, "टाकतो."

लोक गेल्यावर सर लिंबाखाली मांडी घालून बसले आणि गंज काढायला लागले. बारावं चित्र होईस्तोवर बाई दारातून बघत होत्या. मग म्हणाल्या, "तीस वर्स झाले लग्नाले. बाभूळ काढली. म्हस काढली. शाळेची घंटी काढली. माह्यं एक चित्र काढलं नाही कधी. अन् काढलं तं हे."

"तू एका जागी बसत नाही," सर म्हणाले. हे खरं होतं, आणि याहून वाईट उत्तर त्यांना सापडलं नसतं. बाई आत गेल्या, आणि दोन दिवस सरांना ताटात जे येईल ते मुकाट्यानं खावं लागलं.

इकडं गावात काय झालं म्हणाल, तर पोरी दुसऱ्या भागासाठी पुन्हा वह्या घेऊन निघणार अशी हूल उठली. ती कुणी उठवली ते कळलं नाही, निकिता मात्र हसत होती. दोन दिवसांत बोरधऱ्यातलं प्रत्येक भांडं पालथं झालं. शकुबाईंचा गुंड चिंच लावून असा घासला गेला की तो वरून पाहतानाही त्यांना ओळखू आला असता. पिंटूनं कूलर पुसून, पोत्यात घालून, सुतळीनं बांधला. पंचायतीच्या टाक्याला झाकण बसलं. आठ वर्षं ते मंजुरीत अडकलं होतं. शीलाताईंनी गाव दोनदा फिरून पाहिलं, एक अळी सापडली नाही. हे सगळं सरांच्या चित्रांनी केलं असं म्हणणारा एकही मायेचा पूत निघाला नाही. पेपरात चार ओळी आल्या : "प्रशासनाच्या अथक परिश्रमांना यश". सरांनी तो पेपर कपाटात अंथरायलाही वापरला नाही.

शेवटी निकितानं फिल्म जुळवली आणि डोकं खाजवत सरांकडं आली. दोन मिनिटं चार सेकंद भरत होती. नियम दोन मिनिटांचा. चार सेकंद कापायचे होते.

सरांनी सगळं पुन्हा पाहिलं. डास कापता येत नव्हता, त्यावर शिक्के होते. माननीय कापता येत नव्हते, त्यांच्या सह्या होत्या. गुंड, कूलर, टाकं ही गावाची अब्रू होती, एकाचं कापलं तर दुसरा विचारणार. चोवीस चित्रांचा, म्हणजे चार सेकंदांचा, गंज होता, आणि शेवटचे चार सेकंद होते.

"गंजच कापू का सर?" निकितानं हळूच विचारलं. "कोनाले समजनार नाही."

ते खरं होतं. गाव फिल्म पुन्हा बघणार नव्हतं. सरांनी गंजाची चित्रं पुन्हा एकदा चाळली. मग त्यांनी सगळ्या जगावर रागावल्यासारखी मान हलवली. "साऱ्या गावाले म्हनलं ना, एक रेघ खोटी नाही म्हणून? गंज राहू दे. ते शेवटचं काप."

"तुमचं नाव जाईन सर."

"मले दिसते," सर म्हणाले. "काप."

फिल्म गेली. माननीयांची नावं निकितानं शेवटून उचलून मध्येच कुठंतरी भराभर बसवली होती, आणि आता फिल्म गंजावर संपत होती.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टांझानियाहून उत्तर आलं. निकिता ते घेऊन सरांच्या ओसरीवर आली. सर निवृत्तीचे कागद चाळत होते. बाई शेंगा फोडत होत्या, आणि शेजारी रामीबाईही फोडत होत्या, कारण गंज सापडल्यापासून त्या रोज येत. निकिता एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागली. लिहिणाऱ्या मुलीचं नाव नीमा होतं. फिल्म चौदा शाळांत दाखवली. तिकडं भांड्यांवर नावं घालायची पद्धत नाही. पण पोरांना ही युक्ती फार आवडली, म्हणून त्यांनी आपापल्या गल्लीतले पाण्याचे पिवळे कॅन आणि ड्रम पाहून काढले आणि चित्रात मालकांची नावं घातली. ती फिल्म दाखवल्यावर मोठी माणसं आधी भांडली, मग घरी जाऊन पाणी ओतून आली.

"म्हंजे तिकडंही तसंच हाय," रामीबाई म्हणाल्या.

"अन् शेवटी लिहिते," निकिता अडखळली, "का चित्रकार प्रभावती यांचे आमी फार आभारी आहो. त्याहीचा हात फार चांगला हाय."

सरांनी कागद खाली ठेवले.

झालं होतं असं, की गुंडावरच्या, कूलरवरच्या नावांचा अर्थ निकितानं खाली इंग्रजीत दिला होता. गंज ऐनवेळी आला, त्याचा अर्थ द्यायचा राहिला. फक्त प्रभावती एवढं नाव तिनं घाईघाईत खाली इंग्रजीत घातलं होतं. शेवटच्या चित्रात, खालच्या अंगाला, सुबक अक्षरांत एक नाव. जगभर चित्रकार तिथंच सही करतो. नीमानं केला तो अर्थ अगदी सरळ होता, आणि म्हणूनच सरांना तो जास्त झोंबला. एकतीस वर्षं, सातशे वीस चित्रं, तीनदा काढलेला डास, आणि चौदा शाळांत नाव झालं ते ज्यांनी जन्मात पेन्सिल धरली नाही त्यांचं.

"असू दे," सर म्हणाले, आणि ते असू दे असं काही म्हणाले की रामीबाईंनी शेंगा फोडायच्या थांबवल्या. "लोकाहीले कायचं पडलं. प्रेरणा इकडली, मार्गदर्शन तिकडलं. चित्र कोनं काढले, थे कोन विचारते?"

प्रभावतीबाईंनी मांडीवरची टरफलं झटकली. त्यांनी तीस वर्षांत सरांचं नाव घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी "हे", "आमच्या इथले", "आईकलं का". रेशनच्या दुकानात विचारलं तर त्या कार्ड पुढं करत आणि बोटानं दाखवत.

"निकिता, त्या पोरीले उत्तर लिहून राह्यली का आत्ता?"

"हो काकू."

"मंग लिही. म्हनाव, प्रभावती चित्र काढत नाही." बाईंनी क्षणभर शेंगांकडं पाहिलं आणि मग मान वर केली. "हे सगळे चित्र मारोतराव लटारी पिदूरकर याहीनं काढले. मी फक्त गंज घासला."

निकिताची बोटं मोबाईलवर टकटक चालली आणि थांबली. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी घसा साफ केला.

"निकिताले ऐकू गेलं नसन," ते बाईंना म्हणाले. "नाव पुन्हा सांग जरा."

"गेलं सर," निकिता म्हणाली. "लिहूनही झालं."

"तुले नाही विचारलं," सर म्हणाले.